स्वस्त आणि स्वस्थ : परक्याच्या जमाखर्चाचे वाङ्मय

मराठीत ‘स्वस्त’ आणि ‘स्वस्थ’ या दोन शब्दांमध्ये केवळ एका महाप्राणाचे अंतर आहे. व्युत्पत्तीचा कोणताही दावा येथे करावयाचा नाही. परंतु गरीब देशात येऊन राहिलेल्या परदेशी माणसांचे लेखन वाचताना हे ध्वनिसाम्य पुन:पुन्हा आठवत राहते. असा माणूस दोन प्रश्न मनात घेऊन येतो. येथे राहावयास किती पडेल, हा पहिला. आणि येथे आपला जीव व चीजवस्तू सुखरूप राहील काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्याला सुखावते, दुसऱ्याचे अस्वस्थ करते. बहुतेक लेखनात ही दोन उत्तरे दोन निराळ्या खात्यांत मांडलेली असतात. स्वस्ताई हा त्या देशाचा गुण ठरतो आणि असुरक्षितता हा तेथील माणसांचा दोष.

वस्तुत: दोहोंचा उगम एकच आहे. तो म्हणजे एकाच श्रमाला दोन माणसांच्या लेखी असलेले निरनिराळे मोल. ज्या अंतरामुळे खोली, जेवण आणि हमाल परक्याला स्वस्त पडतात, त्याच अंतरामुळे त्याच्या खिशातले पाकीट भोवतालच्या माणसांच्या दृष्टीने फार मोठे होते. भय अनेकदा प्रत्यक्ष धोक्याहून अधिक असते, याचेही कारण हेच. आपण देतो त्याहून घेतो अधिक, ही जाणीव भयाच्या रूपाने व्यक्त होते. हे दोन हिशेब एकाच पानावर मांडण्याचे धैर्य एखाद्या लेखनात आहे की नाही, हा अशा वाङ्मयाच्या मूल्यमापनाचा एक निकष व्हावा, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

समीक्षेने या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (1978) नंतर परक्याची दृष्टी, त्याचे ज्ञान आणि त्याची सत्ता यांची चर्चा विपुल झाली. मेरी लुईज प्रॅट यांनी ‘इम्पीरिअल आइज’ (1992) मध्ये विषम सत्ता असलेल्या समाजांच्या भेटीची ‘संपर्कक्षेत्रे’ दाखवून दिली. परंतु या चर्चेत खोलीचे भाडे बसत नाही. याउलट गेओर्ग झिमेल यांच्याकडे या दुव्याचे बीज सापडते. पैशाचे तत्त्वज्ञान 1900 साली ग्रंथरूपाने मांडणाऱ्या या विचारवंताने 1908 साली ‘परका’ या सामाजिक प्रकाराचे विवेचन केले, आणि परका इतिहासात बहुश: व्यापारी म्हणून अवतरतो हे नोंदविले. परका हा जवळ असूनही दूर असतो. त्याची जवळीक पैशाच्या मध्यस्थीने घडते. स्वस्ताई आणि भय ही या मध्यस्थीची दोन अंगे होत.

प्रथम ज्यास आपण वाङ्मय म्हणत नाही त्या लेखनाकडे पाहू. टोनी आणि मॉरीन व्हीलर यांचे ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ हे मार्गदर्शक पुस्तक 1973 साली निघाले; त्यांच्याच प्रकाशनसंस्थेचे भारतावरील जाडजूड पुस्तक 1981 साली ‘इंडिया : अ ट्रॅव्हल सर्व्हायव्हल किट’ या नावाने आले. आठ वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन शीर्षके शेजारी ठेवली की आपला विषय उघड होतो. एक स्वस्ताईचे आश्वासन देते, दुसरे जीव वाचविण्याची शिदोरी देऊ करते. दोन्ही सांगून कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी, की 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव 4.76 रुपयांवरून 7.50 रुपयांवर गेला होता. आदल्या दिवशी दहा डॉलरचे 47 रुपये 60 पैसे मिळत. दुसऱ्या दिवशी 75 रुपये मिळू लागले. त्या रात्रीत चहा करणाऱ्याचे हात बदलले नव्हते, खोलीही तीच होती. देश मात्र परक्यापुरता स्वस्त झाला. स्वस्ताई ही देशाची प्रकृती नसून दोन चलनांमधील संबंध आहे, हे विसरले की ‘हा देश स्वस्त आहे’ या विधानाला निसर्गवर्णनाची निरागसता प्राप्त होते.

अवमूल्यनाच्या आधी, 1962 साली, दोन लेखक मुंबईस उतरले. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस’ (1964) मध्ये परकेपणाची एक विलक्षण कोंडी आहे. चर्चगेटच्या गर्दीत आपण कोणाहून वेगळे दिसत नाही, याचे त्यांना सुख होत नाही, धास्ती वाटते. वास्तविक गर्दीत मिसळून जाणारा परका सर्वांत सुरक्षित असावा. परंतु ओळखू येणारा परका हाच गिऱ्हाईक म्हणून मान मिळवतो; चेहरा सारखा असला की तो मान जातो. श्रीनगरच्या दल सरोवरातील हॉटेलाचे प्रकरण या पुस्तकातील सर्वोत्कृष्ट होय. कारण तेथे भाडे, सेवा, रुसवाफुगवा आणि जिव्हाळा यांची गुंतागुंत नायपॉल लपवीत नाहीत. अझीझ हा नोकर की मित्र, हे पैशाच्या प्रत्येक प्रसंगी नव्याने ठरवावे लागते. हाच लेखक इतरत्र देशावर एकदम निकाल देऊ लागतो तेव्हा हिशेबाचे पान मिटलेले असते, आणि तेथेच त्याचे गद्य तेजस्वी पण अन्यायी होते.

दुसरे अ‍ॅलन गिन्सबर्ग. त्यांची ‘इंडियन जर्नल्स’ 1970 साली प्रसिद्ध झाली. कलकत्त्यात आणि काशीत ते मर्यादित पैशांत राहिले. घाटावरच्या मरणासन्न भिकाऱ्यांना त्यांनी अगदी जवळून पाहिले. येथे भय जवळपास नाही. परंतु त्याचे कारण त्यांनी दोन्ही हिशेब एकत्र मांडले हे नव्हे. त्यांनी हिशेबच आध्यात्मिक करून टाकला. स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य आणि लादलेले दारिद्र्य यांत परतीच्या तिकिटाचे अंतर असते. रोजनिशीचा तुटक घाट ते अंतर कधी उघडे करतो, कधी झाकतो.

स्त्रीच्या बाबतीत ही दोन खाती वेगळी ठेवण्याची सोयच नसते. पुरुषाला जी खोली स्वस्तात मिळते तीच स्त्रीला त्या भावात परवडत नाही; दाराला भक्कम कडी हवी, की भाव वाढतो. रॉबिन डेव्हिडसन यांच्या ‘डेझर्ट प्लेसेस’ (1996) या रबारी भटक्यांबरोबरच्या प्रवासाच्या पुस्तकात रोखलेल्या नजरा, मोडलेली झोप आणि खचत गेलेला धीर यांची नोंद आहे. हे पुस्तक वाचकाला सुखावत नाही, लेखिकेलाही नायिका करीत नाही. आपली चीड अन्याय्य आहे आणि तरीही खरी आहे, हे ती एकाच वेळी मान्य करते. हा प्रामाणिकपणा वरील निकषावर मोठाच ठरतो.

या पार्श्वभूमीवर ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांची ‘शांताराम’ (2003) ही कादंबरी मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. नायक ऑस्ट्रेलियातील तुरुंगातून पळालेला, खोट्या पारपत्रावर मुंबईत आलेला. त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्नच येथे उलटा होतो. मायदेश धोक्याचा आणि परदेश आसऱ्याचा. महाराष्ट्रातील खेड्यात त्याला ‘शांताराम’ हे नाव मिळते. परतल्यावर तो लुबाडला जातो आणि पैसे संपल्यामुळे झोपडपट्टीत राहावयास जातो. म्हणजे ज्या क्षणी त्याचे द्रव्य नाहीसे होते, त्याच क्षणी त्याला शेजारी मिळतात. ही या कादंबरीची खरी अंतर्दृष्टी होय. चोरीला जाण्यासारखे काही उरले नाही, की परका स्वस्थ होतो. पुढे आर्थर रोडच्या तुरुंगातून त्याची सुटका होते ती मात्र एका बड्या गुन्हेगाराच्या पैशाने. शेजाऱ्यांची माया त्याला दवाखाना चालवू देते, परंतु जीव विकत घ्यावा लागतो. लेखकाने हे दोन प्रसंग समोरासमोर उभे केले असते तर कादंबरी थोर झाली असती. तसे होत नाही. झोपडपट्टी हळूहळू नायकाच्या पापक्षालनाचे तीर्थ बनते, आणि तेथील माणसे कायम तेथेच राहणार आहेत ही गोष्ट त्याच्या उद्धाराच्या प्रकाशात फिकी पडते.

पर्यायी आदर्श शोधताना आपल्याकडील विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाला. तो परदेशी नव्हे, परमुलखी. शिवाय गरीब मुलखात आलेला श्रीमंत नव्हे, तर श्रीमंतांच्या दारी निघालेला गरीब. तुलना म्हणूनच उद्बोधक आहे. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात मिळालेली दक्षिणा आणि वाचलेला प्राण यांचा हिशेब एकाच ओघात येतो. झाशीच्या पाडावात मिळकत लुटली जाते, जीव वाचतो, आणि गंगेची कावड घेऊन माणूस घरी येतो. चलनाच्या दराचे चिलखत अंगावर नसल्यामुळे गोडसेभटजींना स्वस्ताईचे कौतुक करावयास आणि लोकांना दूषणे द्यावयास सवडच नाही. भयाला ते भय म्हणतात, लोभाला लोभ, स्वत:च्या लोभालाही.

यावर आक्षेप घेता येईल, की प्रवाशाने प्रत्येक चहाबरोबर अपराधभावही गिळावा काय? मुळीच नाही. पश्चात्तापाचे प्रदर्शन हेही एक प्रकारचे स्वस्त सुख आहे. स्वत:ची काळजी घेणे, भाव विचारणे, रात्री कोणत्या रस्त्याने जाऊ नये याची चौकशी करणे, यांत गैर काहीच नाही. प्रश्न नीतीचा असण्याआधी कथनाचा आहे. निवेदक सांगतो त्या स्वस्ताईचा कर्ता कोण, आणि त्याला वाटणाऱ्या भयाचा विषय कोण? बहुतेक वेळा ती एकच व्यक्ती असते. सकाळी खोली झाडणारा मुलगा आणि संध्याकाळी ज्याच्यावर संशय जातो तो मुलगा निराळे नसतात. ज्या लेखनात त्या मुलाला दोन्ही प्रसंगी एकच नाव असते, ते लेखन विश्वासार्ह.

हा निकष आपल्यालाही लागू करावयास हवा. आज मराठी प्रवासी नेपाळ, व्हिएतनाम, केनियाकडे जातो, परतल्यावर लिहितो, आणि त्या लिखाणात ‘तिकडे सगळे फार स्वस्त’ व ‘संध्याकाळनंतर जपून’ ही दोन वाक्ये शेजारी शेजारी येतात. कालपर्यंत ज्यांच्याविषयी अशी वाक्ये लिहिली जात होती ते आपण, आज ती लिहू लागलो आहोत. त्या दोन वाक्यांमधील पूर्णविराम पुसून तेथे ‘म्हणून’ लिहिता येते काय, हे तपासणे मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेचे पुढील काम आहे.