बालवाङ्मयांतील निसर्ग

मुलांना निसर्गाची ओळख करून देण्याच्या हेतूनें मराठींत लिहिलेलीं पुस्तकें वाचीत गेलें, म्हणजे त्यांतील बहुतेकांचे दोन वर्ग सहज पडतात. एका वर्गांत झाडें आणि पाखरें माणसांसारखीं बोलतात व शेवटीं कांहीं तरी उपदेश करून मोकळीं होतात. दुसऱ्या वर्गांत प्राण्याचें नांव, लांबी, वजन व आहार यांची नोंद असते, आणि ती वाचून परीक्षेंत गुण मिळण्यापलीकडे फारसें कांहीं साधत नाहीं. पहिल्यांत कोल्हा हा कोल्हा नसून लबाड मनुष्य असतो. दुसऱ्यांत तो कोल्हा असतो खरा, पण मेलेला.

बोध असणें हाच दोष, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्यें मुक्या कळ्या खुडणाऱ्या श्यामला आई समजावते, तें प्रकरण उघड उघड बोधपर आहे. तथापि तो बोध कोंकणांतल्या मुलाच्या रोजच्या उद्योगांतून निघतो; बाहेरून आणून चिकटविलेला नसतो.

'ईहा' या टोपणनांवानें इंग्रजींत लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन १८५१ सालीं साताऱ्यास जन्मले. मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवरील त्यांचें पुस्तक १९०० सालीं निघालें. कावळा, चिमणी, घार ही रोज दिसणारी मंडळी त्यांनीं चाळींतल्या शेजाऱ्यांप्रमाणें विनोदानें, पण बारीक निरीक्षणानें रंगविली आहेत. १९०८ च्या सुमारास एका मुलानें हवाई बंदुकीनें चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तो कसला हें कळेना, म्हणून ती घेऊन तो बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरींत गेला. तेथील चिटणीस मिलार्ड यांनीं त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखविले आणि वाचावयास जीं पुस्तकें दिलीं, त्यांत ईहांचें हें पुस्तक होतें. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांचें स्वतःचें भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ सालीं प्रसिद्ध झालें. या हकीकतींत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी, कीं प्रश्न आधीं आला, पुस्तक मागून आलें. आमचीं बहुतेक पुस्तकें मुलाला प्रश्न पडण्याची वाटच पाहत नाहींत.

भाषेच्या अंगानेंहि या विषयाचा विचार व्हावयास हवा. वनखात्यांत आयुष्य घालविलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं 'रानवाटा' किंवा 'पक्षी जाय दिगंतरा' हीं पुस्तकें खास मुलांसाठीं लिहिलीं नाहींत. पण तीं बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातीं द्यावीं आणि पाहावें. कावळ्यांच्या रात्रीच्या वस्तीला 'काकागार', बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द चितमपल्लींनीं मराठीला दिले. शब्द मिळाला कीं डोळा ती वस्तु शोधूं लागतो. दोष दाखवावयाचाच, तर रानांतल्या माणसांकडून ऐकलेलें आणि स्वतः पाहिलेलें यांची सरमिसळ त्यांच्या लेखनांत होते. ती वेगळी करण्याचें काम पालकानें शेजारीं बसून करावें. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतरा'ला १९८३ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. वानरांच्या टोळींतील सत्तेचा झगडा त्यांत इतका निष्ठुरपणें येतो, कीं तें लहान मुलांना देऊं नये हें खरें; मोठ्या मुलांपासून मात्र लपवूं नये. निसर्ग गोजिरवाणाच असतो असा समज करून घेतलेलें मूल पुढें त्याच्याकडे पाहावयाचें सोडून देतें.

आतां बदलापूरला लागून असलेल्या सोनिवलीचें एखादें मूल डोळ्यांपुढें आणा. जवळ उल्हास नदी आहे. भातखाचरांच्या जागीं इमारती उठत आहेत. त्याच्या पुस्तकांत ध्रुवावरचें अस्वल आहे, पेंग्विन आहे, क्वचित् डॅफोडिलहि आहे. (डॅफोडिल न पाहतां त्याच्यावर व्याख्यानें देणें हा आम्हां इंग्रजीच्या प्राध्यापकांचा धंदाच, तेव्हां त्याविषयीं अधिक बोलणें बरें नव्हे.) पण जूनच्या पहिल्या पावसानंतर बदलापूरच्या बाजारांत ठाकूर-कातकरी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, त्यांची गोष्ट पुस्तकांत नाहीं. शेवळाच्या अंगीं सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असल्यानें घसा खाजतो. म्हणून भाजींत काकडाचीं आंबट फळें घालावयाचीं, आणि विकणारी बाई शेवळांबरोबर तींहि देते. एका भाजींत वनस्पतिशास्त्र, रसायन आणि पाकक्रिया! हें ज्ञान त्या बायकांच्या तोंडीं आहे, आणि त्यांच्या मुली शहरांत कामाला जाऊं लागल्या म्हणजे तें कोणाकडे जाणार, हा प्रश्न बालवाङ्मयाच्या लेखकांनीं आपला मानावयास हवा.

कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं गुरें चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं शाळाच कुरणांत नेली आणि बिया, पानें, शिंपले यांचें शिक्षणसाहित्य बनविलें. त्याच रीतीनें सोनिवलीसाठीं सोळा पानांचें पुस्तक निघावें. त्यांत बाजारांतल्या बायका वापरतात तींच नांवें छापावीं, कोश पाहून तीं 'शुद्ध' करूं नयेत. चित्रकारालाहि एक सूचना: शेवळाचें चित्र काढतांना पानें काढूं नयेत. शेवळ जमिनींतून वर येतें, तेव्हां त्याला पान नसतें.