तीनास एक, पण मोजायचे कोणी?

छत्रपती संभाजीनगरातील एका महाविद्यालयात आम्ही प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. दोन पिशव्यांतून एकेक लाल किंवा पांढरा मणी शंभर वेळा काढून मेंडेलचे गुणोत्तर पडताळायचे, असा प्रयोग होता. वह्या चाळल्या. प्रत्येक वहीत ७५ आणि २५! एका मुलीने मात्र आधी ६९ आणि ३१ लिहून ते खोडले होते. विचारले तर म्हणाली, "सर, ते चुकलं होतं." आमच्या मते त्या वर्गात मणी खरोखर मोजले ते बहुधा तिनेच.

नववीच्या 'आनुवंशिकता व परिवर्तन' या पाठापासून मुलांना ३:१ भेटते. आमची टीका त्या पाठावर नाही; तो वर्गात ज्या रीतीने उतरतो, तिच्यावर आहे. चौकटी भरल्या, उत्तर आले, विषय संपला. गुणोत्तर हे मोजणीतून काढलेले अनुमान आहे, हे सांगायचे राहून जाते. मेंडेलने ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले वाटाणे मोजले होते. भागाकार २.९६ येतो, नेमका ३ नव्हे.

आता मॉर्गनचे पाहा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१० साली त्याला ड्रोसोफिला माशीचा एक पांढऱ्या डोळ्यांचा नर मिळाला. लाल डोळ्यांच्या मादीशी त्याचा संकर केल्यावर दुसऱ्या पिढीत लाल डोळ्यांच्या २४५९ माद्या, लाल डोळ्यांचे १०११ नर आणि पांढऱ्या डोळ्यांचे ७८२ नर मिळाले. म्हणजे ३४७० लाल, ७८२ पांढऱ्या. प्रमाण सुमारे साडेचारास एक! आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत मॉर्गनचे गुण गेले असते. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या कमी जगतात, हे या तफावतीचे एक कारण. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. त्या पिढीत पांढऱ्या डोळ्यांची एकही मादी नव्हती. मॉर्गनने आकडे 'दुरुस्त' केले नाहीत, म्हणूनच डोळ्यांच्या रंगाचे जनुक एक्स गुणसूत्राशी जोडता आले.

ही माशी आपल्याला अनोळखी नाही. जाधववाडीच्या बाजारात सडक्या मोसंब्यांवर घोंघावणारी बारीक चिलटे बहुधा याच कुळातली. शेतकरी जिला 'फळमाशी' म्हणतात ती कीड मात्र वेगळी. दोहोंची गल्लत करू नये. संकरासाठी शुद्ध वाण हवेत; ते मैसूर विद्यापीठातील ड्रोसोफिला केंद्रासारख्या ठिकाणी जोपासले जातात. रवा, गूळ, अगर आणि यीस्ट यांचे खाद्य, कापसाचा बोळा लावलेल्या बाटल्या आणि एक भिंग, एवढ्यावर काम भागते. २५ अंश सेल्सिअसला एक पिढी सुमारे दहा दिवसांत पुरी होते.

यात अडचणी नाहीत असे नव्हे. कोशातून बाहेर पडल्यावर आठ तासांच्या आत माद्या वेगळ्या कराव्या लागतात. खाद्याला बुरशी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ३० अंशांच्या आसपासच नर वांझ होऊ लागतात. म्हणून हा प्रयोग दिवाळीनंतर, फेब्रुवारी संपण्याआधी उरकावा. गारठ्यात पिढीला थोडे अधिक दिवस लागतील, एवढेच. माश्या बर्फावरच्या काचेवर ठेवल्या की काही मिनिटे निपचित पडतात, तेव्हा मोजाव्यात. काम झाल्यावर त्या बाहेर सोडू नयेत.

पण केवळ माश्या आणून भागणार नाही. ४० माश्यांत ३० ऐवजी २६ किंवा ३४ आल्या तर त्यात गैर काही नाही, हे शिक्षकाने आधी सांगितले पाहिजे. साऱ्या वर्गाच्या मोजण्या फळ्यावर मांडून बेरीज करावी. संख्या वाढते तसे गुणोत्तर स्थिरावताना दिसते. तरीही ते हटून बसले, तर का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. गुण द्यायचे ते मोजणीला आणि त्या प्रश्नाच्या उत्तराला. ७५ या आकड्याला नव्हे.

नाहीतर बाटलीत माश्या आल्या तरी वहीत ७५ आणि २५ च उतरतील, आणि त्या मुलीसारखी मुले आपले खरे आकडे खोडतच राहतील.