परदेशी विद्यार्थ्यांचा इंग्रजीचा वर्ग आणि आपले निरीक्षक

भाषाध्यापनाच्या अभ्यासक्रमात वर्गनिरीक्षणास मानाचे स्थान असले, तरी वर्गात जाऊन नेमके काय पाहावयाचे, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या इंग्रजीच्या एका वर्गाविषयी बुलढाणा जिल्ह्यातील काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लिहिलेली टिपणे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आली. टिपणे परिश्रमपूर्वक लिहिलेली आहेत. उणीव आहे ती दृष्टीची.

पुण्यास असे विद्यार्थी नवे नाहीत. डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली सिंबायोसिसची स्थापना केली, ती परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी जवळून पाहूनच. पश्चिम आशिया आणि आफ्रिका येथून येणाऱ्या अनेकांस पदवीचे शिक्षण झेपावे म्हणून आधी इंग्रजी पक्के करावे लागते.

एका टिपणात येमेनच्या विद्यार्थ्याविषयी एवढीच नोंद आहे : उच्चार सदोष, ‘पीपल’ऐवजी ‘बीपल’. अरबीत ‘प’ हा स्वतंत्र स्वनिम नाही, हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. हा तरुण आपल्या गावातील पाणीटंचाईविषयी बोलू पाहत होता. शिक्षिकेने त्यास तीनदा थांबविले आणि चौथ्या वेळी तो खाली बसला. ही हकीकत त्याच टिपणात आहे; मात्र ‘शिक्षकाची दक्षता’ या रकान्यात, आणि तीस पूर्ण गुण आहेत! तो खाली बसल्यावर शेजारच्या व्हिएतनामी मुलीस उरलेले सारे इंग्रजीतच सांगत होता, असे एकाच निरीक्षकाने समासात लिहिले आहे. सबंध टिपणांत मोलाची नोंद ती एवढीच.

अफगाण विद्यार्थ्याच्या ‘इस्टूडंट’ची गतही तीच. फारसीत शब्दारंभी जोडव्यंजन चालत नाही, म्हणून पुढे स्वर येतो. आपल्या खेड्यांत त्याच अडचणीतून दुसरी वाट काढली जाते : आरंभीचा ‘स्’ गाळून ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ होते. ‘ठेसन’ ऐकत वाढलेल्या निरीक्षकास ‘इस्टूडंट’ केवळ हास्यास्पद वाटावे, याचे नवल वाटते. विद्यार्थ्याच्या चुका नियमबद्ध असतात आणि त्या त्याच्या शिकण्याचा पुरावा असतात, हे पिट कॉर्डर यांनी १९६७ सालीच मांडले होते.

याहून गंभीर बाब ‘मातृभाषेचा वापर नाही’ या शेऱ्याची. सर्वच टिपणांत तो गुण म्हणून आला आहे. त्या वर्गात सर्वांची अशी एक भाषाच नव्हती. इंग्रजीवाचून गत्यंतर नव्हते. हाच दंडक उद्या मेहकर वा चिखलीच्या शाळेस लावला, तर ‘शाया’ आणि ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलांनी आपसांत वऱ्हाडीत केलेली अर्थाची उकल दोषांत जमा होईल. न. स. प्रभू यांच्या १९७९ ते १९८४ या काळातील बंगळूर प्रकल्पाने भर दिला तो अर्थाकडे लागलेल्या लक्षावर. मुलाच्या मनात अर्थ कोणत्या भाषेतून उलगडतो, हे पाहणे निरीक्षकाचे काम आहे. त्यावर बंदी घालणे नव्हे.

निरीक्षणपत्रकातून ‘दक्षता’ हा रकाना काढून टाकावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या जागी शिक्षकाने दुरुस्ती करण्यापूर्वीचे आणि नंतरचे विद्यार्थ्याचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे. नंतरचे वाक्य आलेच नसेल, तर तो रकाना तसाच कोरा ठेवावा.