चित्र एकच, आवाज अनेक

१८ डिसेंबर २०२२ ला कतारमधल्या लुसैलच्या मैदानावर फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोन्सालो माँतिएलची पेनल्टी जाळीत गेली आणि अर्जेंटिना जगज्जेता झाला. ती किक जवळपास सगळ्या जगाने त्याच कॅमेऱ्यांतून पाहिली. ऐकू मात्र ती निरनिराळी आली. अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी टेलेमुंडोवर आंद्रेस कान्तोर बोलत होता. तो जन्माने ब्यूनोस आयर्सचा. अर्जेंटिना जगज्जेता झाल्याचं पुन्हा पुन्हा सांगताना त्याचा आवाज फुटला आणि तो रडू लागला. आपल्याकडच्या इंग्रजी प्रक्षेपणावर पीटर ड्रुरी होता. त्याची घडवलेली, लयदार वाक्यं दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरत होती. मला ड्रुरी आवडतो, पण त्या रात्रीचा खरा आवाज कान्तोरचा होता असं मला आजही वाटतं. ड्रुरी त्या क्षणाला शोभतील असे शब्द घेऊन आला होता. कान्तोरकडे त्या क्षणी शब्दच उरले नव्हते.

वाहिन्यांची तुलना करायची तर ती इथून सुरू करावी लागते, कारण चित्र त्यांचं नसतंच. २००२ पासून विश्वचषकाचं मूळ चित्रण एचबीएस ही स्वित्झर्लंडची कंपनी करते. कोणता कॅमेरा घ्यायचा, रिप्ले कधी दाखवायचा, गोल झाल्यावर प्रशिक्षकाचा चेहरा दाखवायचा की गॅलरीतल्या पोराचा, हे सगळं तिचे दिग्दर्शक ठरवतात. मोठ्या वाहिन्या स्वतःचे थोडे कॅमेरे नेतात. तरी वाहिनीच्या हाती मुख्यतः तीनच गोष्टी उरतात: आवाज, स्टुडिओ, आणि आलेलं चित्र कधी सोडून द्यायचं याचा निर्णय.

तिसऱ्या गोष्टीची कसोटी १२ जून २०२१ ला लागली. युरो स्पर्धेत कोपनहेगनला डेन्मार्क-फिनलंड सामना चालू असताना ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला. त्याच्या छातीवर दाब देणं सुरू झालं. डेन्मार्कचे खेळाडू त्याच्याभोवती पाठ करून उभे राहिले, त्यांच्यातले काही रडत होते. मैदानातला कॅमेरा मात्र आत डोकावायचं थांबवेना, मग तो एरिक्सनच्या रडणाऱ्या जोडीदारावर गेला. बीबीसीने हे चित्र बराच वेळ दाखवलं. पुढे तिने प्रेक्षकांची माफी मागितली आणि मैदानातलं चित्रण युएफा या आयोजक संघटनेच्या ताब्यात असतं, असा खुलासा केला. खुलासा खरा आहे, पण अपुरा आहे. चित्र दुसऱ्याचं असलं तरी ते सोडून स्टुडिओत यायचं बटण बीबीसीच्याच हाती होतं. खेळाडूंनी अंगांची भिंत उभी केली तेव्हाच ते दाबायला हवं होतं. आपल्याला काय करायचं हे त्या मुलांनी दाखवून दिलं होतं. स्टुडिओत परतल्यावर मात्र गॅरी लिनेकर, ॲलेक्स स्कॉट, मायका रिचर्ड्स आणि सेस्क फाब्रेगास ज्या तऱ्हेने बसले, ती मी विसरणार नाही. अंदाज नाहीत, वैद्यकीय तर्क नाहीत, वेळ भरून काढण्यासाठी जुन्या आठवणी नाहीत. बोलणं थांबलं की थांबू देत होते.

स्टुडिओत माजी खेळाडूंना बसवून वाद घालायला लावायची कल्पना ब्रिटनमध्ये आयटीव्हीची. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात जिमी हिलच्या पुढाकाराने माल्कम ॲलिसन, पॅट क्रेरँड, डेरेक डूगन आणि बॉब मॅकनॅब एकत्र बसले आणि खरोखर भांडले. तोवर जाणकार म्हणजे मोजकं, सभ्य बोलणारा माणूस. आज पन्नासहून अधिक वर्षांनी बीबीसी आणि आयटीव्ही या दोघांच्याही स्टुडिओत भांडण राहिलेलं नाही. सगळे एकमेकांचे मित्र, आणि मैदानातला खेळाडूही त्यांचा मित्रच. आयटीव्हीला मध्यंतरात जाहिरातींना जागा द्यावी लागते, बीबीसीला ती अडचण नाही; तरी मिळालेला जास्तीचा वेळ बीबीसी हास्यविनोदात घालवते तेव्हा वाईट वाटतं. २०१८ मध्ये आयटीव्हीवर एनी अलुकोने कोस्टारिकाच्या संघाविषयी अभ्यासून, तपशिलात सांगितलं, तेव्हा शेजारी बसलेल्या पात्रिस एव्ह्राने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांवर टीका झाली ती योग्यच होती. पण त्याहून मोठा प्रश्न असा की अभ्यास करून येणं ही नवलाची गोष्ट वाटावी, इतकी ती दुर्मीळ का झाली?

जर्मनीची घडण निराळी. एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्यांवर बहुधा एकच समालोचक बोलतो, सोबतीला माजी खेळाडू नसतो. त्यामुळे मैदानाचा आवाज ऐकू येतो. चेंडू बुटाला लागल्याचा आवाजही. २००६ च्या विश्वचषकात झेडडीएफने युर्गन क्लोप या त्या वेळच्या माइन्झच्या प्रशिक्षकाला पडद्यासमोर उभं केलं. त्याने पडद्यावर रेषा ओढून बचावफळी कुठे फाटली ते सामान्य प्रेक्षकाला समजावलं. पंडितगिरी म्हणजे काय, याचा तो मला वस्तुपाठ वाटतो.

अमेरिकेने एक धडा लवकर घेतला. १९९० मध्ये तिथल्या टीएनटीने खेळ चालू असताना जाहिराती घातल्या. १९९४ मध्ये स्पर्धा घरीच आली तेव्हा त्या गेल्या आणि प्रायोजकाचं नाव घड्याळाशेजारी बसलं. कतारच्या विश्वचषकाच्या वेळी मात्र तिथल्याच फॉक्स वाहिनीने मैदानाबाहेरच्या विषयांत न शिरण्याचं आधीच ठरवलं, तर बीबीसीने उद्घाटनाचा सोहळा मुख्य वाहिनीवर न दाखवता लिनेकरच्या तोंडून स्थलांतरित मजुरांचा आणि मानवी हक्कांचा प्रश्न मांडला. मी बीबीसीच्या बाजूचा आहे. ज्या मैदानाच्या बांधकामात माणसं राबली त्याच्याविषयी न बोलणं हासुद्धा एक निर्णयच असतो.

आता आपल्याकडे. १९८६ च्या अंतिम सामन्याला मेक्सिकोत भर दुपारी सुरुवात झाली, तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दूरदर्शनच्या त्या जागरणांनी एका पिढीला मॅराडोना दिला. नंतर नोवी कपाडियांसारखा माणूस फुटबॉलचा इतिहास जिभेवर घेऊन बोलायचा आणि त्याच्या माहितीत प्रेम असायचं. मग खासगी वाहिन्या आल्या आणि त्यांच्या स्टुडिओवर क्रिकेटची सावली पडली. २०२२ मध्ये रूनी, फिगो, पिरेस यांच्यासारखे दिग्गज बोलावले गेले, पण त्यांना विचारलेले प्रश्न बहुतेक आठवणींचे होते. हिंदी समालोचन ऐकताना पुष्कळदा वाटतं की इंग्रजी वाक्य आधी मनात उमटलं आणि मग घाईने उलथलं गेलं.

याला उत्तर केरळने दिलं. शैजू दामोदरन मल्याळममध्ये ओरडतो तेव्हा भाषा न कळणाऱ्यालाही चेंडू कुठे आहे ते कळतं. तो मलबारच्या मैदानांवरच्या प्रेक्षकासारखा बोलतो. २०२२ चा विश्वचषक इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगालीत ऐकता आला, मराठीत नाही. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर क्रिकेटला मराठी बोलतं केलं, त्याला कितीतरी दशकं लोटली. फुटबॉलला तसा माणूस मिळाला नाही. आणि मराठीत फुटबॉलचे जाणते नाहीत, असंही नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब समोरासमोर आले की पायऱ्यांवरची म्हातारी माणसं डाव्या बगलेवरचा खेळाडू किती मागे राहतोय, मधल्या फळीत जागा का पडली, गोलरक्षक पुढे का येत नाही, हे शेजारच्या पोरांना खेळ चालू असतानाच सांगत असतात. विश्वचषकाच्या रात्री त्याच शहराच्या पेठांत मेस्सीचे फलक लागतात, टीव्हीभोवती सगळी तालीम जमते आणि बरेचदा आवाज बंद करून सामना पाहिला जातो. समालोचन तिथे त्या म्हाताऱ्यांचंच चालतं.