सहीच्या वरचा मजकूर

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून सुटीवर आला आणि येताना माझ्यासाठी एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. "सर, तुम्हाला जुन्या गोष्टी आवडतात, म्हणून आणले," असे म्हणून त्याने ते माझ्या हाती दिले. पुस्तक कसले, तिकडच्या एका लिलाववाल्याचे सूचिपत्र होते! वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफर्सन, मॅडिसन, मन्रो अशा पहिल्या-पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या सह्या असलेले कागद विकायला काढलेले, आणि प्रत्येक कागदाचे वर्णन पान-पानभर. मुलाला या कागदांचा नाद लागला आहे. पगारातून काही शिल्लक पडली की एखादा घ्यावा असे त्याच्या मनात होते. कोणता घ्यावा, हे तो मला विचारीत होता.

माझे इंग्रजी मॅट्रिकच्या परीक्षेपुरते. कोश शेजारी घेऊन महिनाभर मी ते सूचिपत्र वाचले. आणि खरे सांगतो, अलीकडे वाचलेल्या चार कादंबऱ्यांपेक्षा (त्यांत एक माझीही धरतो) ते मला अधिक गुंतवून गेले. तेव्हा संपादकांनी दिवाळीसाठी एखाद्या पुस्तकावर टीकालेख मागितला, त्यावेळी मी याच पुस्तकावर लिहायचे ठरवले. लेखकाचे नाव नाही, प्रस्तावना नाही, पण वाङ्मय आहे.

या वाङ्मयाला स्वतःची परिभाषा आहे. 'ए. एल. एस.' म्हणजे सारे पत्र थोर माणसाने स्वहस्ते लिहून खाली सही केलेली. 'एल. एस.' म्हणजे लिहिले कारकुनाने, सही तेवढी साहेबांची. 'डी. एस.' म्हणजे सही केलेला दस्त. पहिला प्रकार मानाचा, बाकीचे पंक्तीच्या शेवटी. वर्णनाची शैली मात्र प्रामाणिक. घडीवर कागद विरला आहे, शाई उडाली आहे, कोपऱ्याला डाग आहे, मोहोर फुटली आहे, हे सारे न लपवता सांगितलेले असते. स्थळ सुचवणाऱ्या आपल्याकडच्या मध्यस्थांनी हा गुण घेण्यासारखा आहे.

पण दहा-वीस पाने वाचल्यावर या शैलीतली एक खोड ध्यानात येते. ती कागद खालून वर वाचते. आधी सही ठळक आहे की पुसट, मग तारीख, मग त्यावेळी सही करणारा पदावर होता की नव्हता. आणि सर्वांत शेवटी, जागा उरली तर, वर काय लिहिले आहे ते. माझे या वाङ्मयाशी भांडण आहे ते एवढ्यावरच, पण ते मोठे आहे.

उदाहरणार्थ, जहाजांची परवानापत्रे घ्या. अमेरिकन जहाज परदेशी निघाले की त्याला एक छापील पत्र मिळे. त्यावर एकच मजकूर फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी आणि डच अशा चार भाषांत, शेजारी-शेजारी रकान्यांत. समुद्रात कोणत्याही राष्ट्राच्या लढाऊ जहाजाने अडवले तर हे दाखवायचे. जेफर्सन अध्यक्ष होते (१८०१ ते १८०९) तेव्हा परराष्ट्रमंत्री मॅडिसन होते, म्हणून त्या काळच्या पत्रांवर दोघांच्याही सह्या. एका कागदावर दोन राष्ट्राध्यक्ष! साहजिकच भाव चढतो. आता गंमत अशी की, या सह्या कोऱ्या नमुन्यांवर गठ्ठ्याने केल्या जात आणि ते गठ्ठे बंदरोबंदरी जकातीच्या अधिकाऱ्यांकडे पाठवले जात. जहाजाचे नाव, तांडेलाचे नाव, माल, मुक्कामाचे ठिकाण हे सारे मागाहून तिथला कारकून भरी. म्हणजे ज्याला आज मोल आहे त्या हाताला या जहाजाची गंधवार्ताही नव्हती. आणि ज्या माणसाने हे पत्र छातीशी धरून अटलांटिक ओलांडला त्याचे नाव सूचिपत्रात बारीक टायपात येते. मी कादंबरीकार आहे. मला तो तांडेल हवा. त्याला चारांपैकी किती भाषा वाचता येत होत्या, हे मला हवे.

विल्यम हेन्री हॅरिसन यांचे प्रकरण याहून विनोदी. १८४१ च्या ४ मार्चला ते अध्यक्ष झाले आणि ४ एप्रिलला वारले. पदावर असताना सही करायला महिनाही पुरा मिळाला नाही, म्हणून अध्यक्ष या नात्याने त्यांनी सही केलेला कागद अतिशय दुर्मिळ आणि अतिशय महाग. त्यांनीच आधी सेनापती म्हणून, गव्हर्नर म्हणून, राज्यकारभार आणि लढाया करताना लिहिलेली पत्रे त्या मानाने स्वस्त. काम केलेल्या वर्षांना भाव नाही, न केलेल्या महिन्याला आहे! वर्गात हे मी सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, मग कमी अभ्यास करणाऱ्याला जास्त मार्क का नाहीत?" मला उत्तर सुचले नाही.

या छंदाचा आरंभ ज्यांनी केला त्यांत विल्यम स्प्रेग हा माणूस माझ्याच व्यवसायातला निघाला. १८१५-१६ च्या सुमारास व्हर्जिनियात वॉशिंग्टनचे भाचे लॉरेन्स लुइस यांच्या घरी तो मुलांना शिकवायला होता. वॉशिंग्टनची सारी कागदपत्रे वारशाने पुतणे बुशरॉड यांच्याकडे आली होती. स्प्रेगने त्यांच्याकडून हवी ती पत्रे नेण्याची परवानगी मिळवली. अट एवढीच की, नेलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल जागेवर ठेवावी. गड्याने सुमारे दीड हजार पत्रे नेली. पुढे तो आल्बनीला धर्मोपदेशक झाला आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या छपन्नही जणांच्या हस्ताक्षरांचा संच पुरा करणारा पहिला संग्राहक म्हणून नावाजला. मला त्या अटीचे राहून राहून नवल वाटते. मालकाला मजकूर पुरेसा होता, पाहुण्याला कागद हवा होता. दोघेही खूश! आणि दोघांत शहाणा कोण, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पण जॅरेड स्पार्क्सबद्दल मला असा संभ्रम नाही. हा विद्वान माणूस. त्याने वॉशिंग्टनचे लेखन बारा खंडांत १८३४ ते १८३७ या काळात प्रसिद्ध केले. वॉशिंग्टनने कुठे घरगुती शब्द वापरला, एखाद्या सरदाराला टोपणनावाने संबोधले, तुटपुंज्या रकमेला पिसवाचा चावा म्हटले, की स्पार्क्स ते पुसून तिथे भारदस्त शब्द घाली. आम्ही मास्तर मंडळी निबंधाच्या वहीत करतो तेच त्याने राष्ट्रपित्याच्या वहीत केले. हेही एकवेळ क्षम्य. परंतु वॉशिंग्टनने पहिल्या शपथविधीसाठी तयार करवून आपल्या हाताने उतरवलेल्या आणि मग न वापरलेल्या त्र्याहत्तर पानांच्या भाषणाचे त्याने कात्रीने तुकडे केले, आणि हस्ताक्षर मागायला येणाऱ्यांना ते प्रसाद वाटावा तसे वाटून टाकले. कुणाला चार ओळी, कुणाला सहा. पुढे अभ्यासकांनी हे तुकडे शोधून-शोधून जुळवले, तरी भाषण पुरे झालेले नाही. संपादनाची कात्री मी अनेकदा सोसली आहे, पण माझ्या संपादकांनी कापलेले निदान केराच्या टोपलीत टाकले, पाहुण्यांना दिले नाही.

जिथे सहीला दाम, तिथे खोटी सही आलीच. रॉबर्ट स्प्रिंग नावाचा इंग्लंडहून आलेला एक गृहस्थ फिलाडेल्फियात वॉशिंग्टनच्या सहीचे धनादेश आणि सैन्याच्या हद्दीतून जाण्याचे परवाने जुन्या कागदावर तयार करून विकायचा. १८७६ साली तो मेला. आज त्याची खोटी सही 'अस्सल स्प्रिंग' म्हणून जमवणारेही आहेत. खोट्या सहीचा माझा अनुभव प्रगतिपुस्तकापुरता. बापाची सही मुलाने केली की ती ताबडतोब ओळखू येते, कारण ती बापाच्या सहीपेक्षा सुबक असते. बाप लिहितो, मुलगा चित्र काढतो. जाणकार व्यापारीही हीच खूण सांगतात, हे वाचून मला थोडा अभिमान वाटला.

एवढे सारे म्हटले तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. किंमत आली म्हणून पुष्कळ कागद वाचले. २०१२ साली वॉशिंग्टनची स्वतःची प्रत, पहिल्या काँग्रेसचे कायदे आणि राज्यघटना असलेली, न्यूयॉर्कच्या लिलावात अठ्ठ्याण्णव लाख डॉलरांवर गेली. तिच्यात राज्यघटनेच्या समासात, अध्यक्षाने काय करावे आणि काय करू शकतो, त्या ओळींना त्याने पेन्सिलीने कंस घालून एक-एक शब्द लिहून ठेवला आहे. नवी नोकरी लागलेला माणूस आपल्या कामाची यादी वाचतो आहे! ती प्रत घेतली वॉशिंग्टनचे घर सांभाळणाऱ्या माउंट व्हर्ननच्या महिला-मंडळाने, आणि ती घरी परतली. आमच्या घरी आजोबांच्या पेटीत मोडी कागदांचे बाड होते. मी दहा वर्षांचा असताना ते रद्दीत किलोवर गेले; वाण्याकडे ते उचलून नेणारा मीच. आमच्या जुन्या कागदांना माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब. सहीसाठी कुणी ते कापले नाहीत, आणि सहीसाठी कुणी ते राखलेही नाहीत. त्या बाडात काय होते, ते आता कुणाला सांगता येणार नाही. म्हणून लिलाववाल्याला नावे ठेवताना माझी जीभ जरा अडखळते.

मात्र फिलाडेल्फियाची एक हकीकत वाचली तेव्हा ती अडखळली नाही. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात नोकरीला असलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्षांच्या सह्यांची माफीपत्रे चोरून बाजारात विकली. २००२ साली त्याला कैदेची शिक्षा झाली. माफीपत्र! कुणी टपाल लुटलेले असेल, कुणी जकात चुकवलेली. त्याच्या बायकोने, गावच्या चार प्रतिष्ठितांनी अर्ज केले असतील, आणि एके दिवशी हा कागद आला. एखाद्या घराच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस त्या कागदावर आहे. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने त्याच्या तळाच्या दोन इंचांकडे पाहिले.

विद्यार्थ्याला मी काय सांगितले, ते राहिलेच. अमेरिकेत सरकारी जमीन घेणाऱ्याला चर्मपत्रावर सनद मिळे आणि तिच्यावर अध्यक्ष स्वतः सही करीत. जमीनविक्री इतकी वाढली की सह्यांचा डोंगर साचला. तेव्हा २ मार्च १८३३ च्या कायद्याने अध्यक्षांच्या वतीने सही करायला सचिव नेमण्याची मुभा मिळाली. त्यानंतरच्या सनदांवर नाव जॅक्सनचे, अक्षर सचिवाचे. जमीन तीच, कायदा तोच, घेणाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी तेच. बाजारात भाव मात्र पार उतरलेला. मी त्याला म्हटले, "त्यांतली एक घे. परवडेल, आणि वाचायला पूर्ण मिळेल."

त्याने दिवाळीआधी तिचे छायाचित्र पाठवले. इलिनॉय राज्यातला एकशे साठ एकरांचा तुकडा. घेणाऱ्याला आणि त्याच्या वारसांना कायमचा दिल्याचे लिहिले आहे. तो शब्द मी कोश न उघडता वाचला. नकाशा काढून बसलो. तिथली जमीन सॉक आणि फॉक्स या टोळ्यांनी १८०४ च्या करारात सोडली असे सरकारचे म्हणणे. ज्यांनी तो केला त्यांना टोळीने तसा अधिकार दिलाच नव्हता, असे ब्लॅक हॉक हा त्यांचा म्होरक्या अखेरपर्यंत सांगत राहिला, आणि १८३२ साली त्यापायी लढाई होऊन त्याची माणसे मारली गेली. १८०४ च्या त्या करारावर टोळीच्या माणसांच्या सह्या नाहीत. कारकुनाने लिहिलेल्या त्यांच्या नावांशेजारी प्रत्येकाची एक-एक फुली आहे.