बळी कोणी दिला?

ताकाशी नागाई यांचे ‘नागासाकीच्या घंटा’ (१९४९) हे पुस्तक मी इंग्रजी भाषांतरातून वाचले. नागाई क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर आणि श्रद्धावान कॅथलिक. ९ ऑगस्ट १९४५ चा अणुबॉम्ब त्यांच्या उराकामी भागावर फुटला. तेथील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० मेले. नागाईंची पत्नीही गेली. स्वतः जखमी असताना त्यांनी केलेली रुग्णसेवा वाचून आदरच वाटतो.

माझा वाद आहे तो पुस्तकातल्या एका भाषणाशी. नोव्हेंबर १९४५ मध्ये मृतांच्या प्रार्थनासभेत नागाई म्हणाले, उराकामी हा देवाने स्वीकारलेला निर्दोष होमबली आहे. त्याबद्दल देवाचे आभार मानू या. ते असे का म्हणाले, हे समजू शकते. इथले ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या छळले गेलेले. १८६८ नंतर तीन हजारांहून अधिक जण हद्दपार झाले होते. बॉम्बनंतरही शहरातले काही लोक म्हणत, परक्या देवाला भजल्याची ही शिक्षा! या अपमानाला नागाईंनी पावित्र्याने उत्तर दिले.

पण त्या उत्तरात बॉम्ब टाकणारा हात दिसेनासा होतो. बळी देवानेच घेतला, तर जाब कोणाला विचारायचा? अमेरिकी प्रशासनाने पुस्तक छापू देताना जपानी सैन्याच्या मनिलातील अत्याचारांची पुरवणी जोडायला लावली. होमबलीचे भाषण मात्र तसेच राहिले.

पूर्वजन्मीच्या पापामुळे हीन जन्म मिळाला, असे ऐकत आलेल्या आम्हांला हे तर्कशास्त्र परके नाही. तिथे दुःखाला शिक्षा म्हणतात, इथे बहुमान. दोन्हीकडे गुन्हेगार सुटतो. अशा कर्मसिद्धांताचा हेतू राज्याला आणि समाजाला जबाबदारीतून मोकळे करणे हाच असू शकतो, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बजावले आहे.

मग निषेधासाठी धर्मच सोडावा लागतो काय? नाही. २५ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी हिरोशिमात सांगितले, की युद्ध हे माणसाचे कृत्य आहे. त्यानंतर नागासाकीतले बॉम्बपीडित कॅथलिक उघडपणे बोलू लागले. धर्म तोच राहिला. ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाचे उत्तर बदलले. अण्वस्त्रांविषयी माणूस काय भूमिका घेतो, हे त्याच्या धर्माच्या नावावरून नव्हे, या उत्तरावरून ठरते.

हा निकष आम्हा बौद्धांनाही लागू आहे. १९७४ च्या पोखरण अणुस्फोटाला ‘हसरा बुद्ध’ हे नाव चिकटले. त्या नावाने सुखावून जायचे, की बुद्धाच्या तोंडी हे हसू कोणी घातले असे विचारायचे?