बाकावरचे हसू

शाळेवरचा आपला विनोद बहुधा मास्तरांकडे पाहून हसतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तले (१९६२) चितळे मास्तर आठवा. ते हसू मोठे प्रेमळ आहे. पण हसणारा विद्यार्थी तोवर मोठा झाला आहे, शाळेपासून लांब गेला आहे. लांबून शाळा गोडच दिसते! मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने (२००४) हे अंतरच काढून टाकले. नववीतला मुकुंद जोशी जणू बाकावर बसूनच बोलतो. त्याच्या टवाळीत भय आहे, चोरटे प्रेम आहे, आणि बाहेर १९७५ची आणीबाणी आहे. पोरे ज्याला हसतात तेच त्यांना आतून छळत असते, हे बोकिलांनी नेमके हेरले. म्हणून मला ‘शाळा’ अधिक खरी वाटते.

तरी एक खंत उरतेच. आमच्या किन्हवलीकडे ठाकर-कातकरी वाड्यांवरून चालत येणारी मुले कबड्डीत सगळ्यांना भारी पडतात, आणि वर्गात मात्र गप्प. गुरुजींची हुबेहूब नक्कल त्यांनाही येते; पण ती घरच्या वाटेवर, त्यांच्या बोलीत. ते हसू या दोन्ही पुस्तकांत नाही. मी ते मागून चालताना ऐकले आहे. लिहायला बसलो की माझी पुस्तकी मराठी आड येते.